कार्डिऑलॉजीचे फेलो: कॅथेटर हातात कधी द्यायचा आणि परत कधी घ्यायचा?

सायनस

इथे डॉक्टर, टेक्निशियन, सिस्टर असे बरेच लोक वाचनमात्र असतात हे माहीत आहे, म्हणून हा धागा. वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्यांनीही लिहावं. रुग्णाच्या बाजूने कोणी बोलणारं असलं की आमची गाडी जरा जमिनीवर राहते.

नवीन फेलोंची (हृदयरोगात पुढचं शिक्षण घेणारे डॉक्टर) बॅच आली की पहिल्या आठवड्यातच प्रश्न येतो, "सर, अँजिओ कधीपासून करायला मिळेल?" (अँजिओ म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, नेऊन डाय सोडायचा आणि एक्स-रेवर अडथळा बघायचा.) प्रश्न रास्तच आहे. आधीची सगळी वर्षं मेडिसिनमध्ये घासून आलेला माणूस वॉर्डातल्या फायली लिहायला इथे आलेला नसतो. पण त्याला उत्तर काय द्यायचं?

एक सोपं उत्तर म्हणजे आकडा. अमेरिकेत १९९५ पासून कार्डिऑलॉजीच्या प्रशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, 'कोकॅट्स' म्हणतात त्यांना. त्यात तीन पातळ्या आहेत. स्वतंत्रपणे डायग्नोस्टिक (फक्त निदानाची) अँजिओ करायची तर साधारण ३०० केसेस, आणि पुढे जाऊन अँजिओप्लास्टी (अडथळा फुग्याने उघडणं, बहुधा स्टेंट म्हणजे जाळी बसवणं) करायची तर वेगळं वर्ष आणि २५० केसेस. २०१५ च्या चौथ्या आवृत्तीत मात्र त्यांनीच भर आकड्यावरून काढून 'काय करता येतं' यावर दिला. मला ते पटतं. लॉगबुकात ३०० नोंदी असलेले दोन फेलो शेजारी उभे केले तर त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. एकाने ३०० केसेस केलेल्या असतात, दुसऱ्याने ३०० वेळा टेबलाशेजारी उभं राहून वायर पुसलेली असते.

माझी पद्धत सांगतो. हात बसायला फार वेळ लागत नाही. मनगटातून शीथ (कॅथेटर आत घ्यायची नळी) घालणं, कॅथेटर वर नेणं, डावी-उजवी कोरोनरी (हृदयाची रक्तवाहिनी) पकडणं काही महिन्यांत जमतं. वेळ लागतो तो नजर दोन ठिकाणी ठेवायला. कॅथेटर कोरोनरीच्या तोंडाशी बसला की नव्या फेलोची नजर चित्राला चिकटते आणि प्रेशरची रेघ (कॅथेटरच्या टोकाशी मोजलेला रक्तदाब) एकटी पडते. ती रेघ चपटी झाली तर अर्थ साधा आहे: टोक भिंतीला टेकलंय, किंवा तोंडाशीच अडथळा आहे, किंवा उजवीकडे कोनस नावाच्या छोट्या शाखेत शिरलंय. अशा वेळी डाय मारला तर आतला पदर फाटू शकतो किंवा रुग्ण थेट व्हीएफमध्ये (हृदयाची नुसती थरथर, रक्त पुढे जात नाही) जातो. म्हणून माझ्याकडे नियम आहे. डाय मारण्याआधी फेलोने प्रेशर मोठ्याने सांगायचं. मनातल्या मनात नाही.

दुसरा नियम: केस सुरू व्हायच्या आधी एका वाक्यात सांगायचं की या माणसाची अँजिओ का करतोय आणि जे दिसेल त्याने आपलं काय बदलणार आहे. सांगता आलं नाही तर त्या दिवशी कॅथेटर नाही.

बाकीचे कसं ठरवता?

दुसरं_वर्ष

सर, मी नावाप्रमाणे दुसऱ्या वर्षात आहे. (तुमच्याकडे नाही. म्हणूनच मोकळेपणाने लिहितेय!)

कॅथलॅबबद्दल (जिथे अँजिओ होते ती खोली) सगळे बोलतात, पण मी सर्वांत जास्त शिकले ते रात्रीच्या फोनवर. कॅज्युअल्टीतून फोन येतो, "ट्रोपोनिन पॉझिटिव्ह आहे, बघून जा." आता ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) किडनी निकामी असलेल्यांत वाढतं, सेप्सिसमध्ये वाढतं, फुफ्फुसात गुठळी गेली तरी वाढतं, मायोकार्डायटिसमध्ये तर वाढतंच. पहिल्या वर्षी मला प्रत्येक फोन हार्ट अटॅक वाटायचा. नंतर उलटा आजार होतो, कुठलाच फोन अटॅक वाटत नाही, आणि तो जास्त धोकादायक.

ईसीजीचंही तेच. एसटी (ईसीजीच्या रेघेचा एक तुकडा) वर गेलेला असेल तर कोणीही ओळखेल. पण एलएडी (हृदयाच्या पुढच्या भागाची मुख्य कोरोनरी) बंद असूनही एसटी वर न जाणारे असतात. डी विंटर यांनी २००८ मध्ये दाखवलेला पॅटर्न: छातीच्या लीड्समध्ये (ईसीजीच्या तारा) एसटी खाली, आणि त्याला जोडून उंच, टोकदार टी लाट. वेलेन्सचा पॅटर्न त्याहून फसवा (१९८२ पासून माहीत आहे), कारण ईसीजी काढताना रुग्णाचं दुखणं थांबलेलं असतं आणि तो "मी घरी जाऊ का?" विचारत असतो. मागच्या भिंतीचा अटॅक तर व्ही-७ ते व्ही-९ (पाठीवरच्या लीड्स) लावल्याशिवाय सहसा सापडत नाही, आणि रात्री त्या लीड्स लावायचा उत्साह कोणाला असतो ते तुम्हाला माहीत आहे.

माझी तक्रार एकच आहे. मी ज्यांना अटॅक आहे म्हटलं, त्यांचं काय झालं ते सकाळी कॅथलॅबमध्ये कळतं. ज्यांना नाही म्हणून परत पाठवलं, त्यांचं काय झालं हे मला कोणीच सांगत नाही. तिथेच तर शिकायचं होतं ना?

आणि एक प्रश्न. रात्री अख्खी टीम बोलवायचा अधिकार फेलोला असावा का?

सायनस

असावा. आणि टीम आल्यावर कोरोनरी स्वच्छ निघाल्या तर फेलोवर कोणी ओरडायचं नाही, हाही नियम असावा. दारातून आत आल्यापासून ९० मिनिटांत फुगा फुगवायचा अशी अपेक्षा ठेवायची आणि वर प्रत्येक फोन अचूक हवा म्हणायचं, हे एकत्र जमत नाही. ज्या विभागात एकदाही फुकटची धावपळ होत नाही तिथे काही खरे अटॅक नक्की हुकत असतात. एकदा ओरडा खाल्लेला फेलो पुढच्या वेळी अजून एक ईसीजी काढून बघू म्हणतो. तेवढ्यात स्नायू मरतो.

परत पाठवलेल्यांचा मुद्दा नेमका आहे. त्यावर नंतर येतो, डोक्यात काहीतरी घोळतंय.

शिसाचा_कोट

मी डॉक्टर नाही, कॅथलॅब टेक्निशियन आहे. बऱ्याच बॅच आल्या नि गेल्या डोळ्यांसमोरून. सर जे प्रेशरचं म्हणतात ते शंभर टक्के. माझ्या बाजूने तीन गोष्टी.

पाय. नवीन फेलो डोळे वर करून सरांशी बोलतो, पाय मात्र पेडलवर तसाच. स्क्रीनकडे कोणी बघत नसताना एक्स-रे चालू. शेवटचं चित्र स्क्रीनवर टिकून राहतं, ते बघा की. सिनेचा (साठवून ठेवायची फिल्म) डोस साध्या फ्लुरोच्या (फक्त बघण्यापुरता चालू एक्स-रे) कितीतरी पट असतो, तरी काहींना प्रत्येक गोष्टीची सिने हवी. डिटेक्टर रुग्णाच्या छातीजवळ आणायचा, कोलिमेटर (किरणांची चौकट लहान करणाऱ्या पट्ट्या) आत घ्यायचा, वरून टांगलेली काच मधे घ्यायची. हे तीन हात फिरवायला पाच सेकंद लागत नाहीत. डावीकडून खालच्या कोनात, ज्याला हे लोक स्पायडर व्ह्यू म्हणतात, तिथे उलटून येणारे किरण सगळ्यात जास्त तोंडावर येतात. त्या वेळी एक पाऊल मागे सरकलं तरी फरक पडतो. अंतर दुप्पट तर डोस चौथाई.

बॅज. डोसचा बॅज खुंटीला टांगलेला आणि डॉक्टर आत! विचारलं तर म्हणतात, महिन्याचा आकडा जास्त आला तर कॅथलॅब बंद करतील, मग केसेस बुडतील. अहो, आकडा लपवून किरण लपतात का? डोळ्यात मोतीबिंदू होतो याने. किरण-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०११ मध्ये डोळ्याच्या भिंगाची मर्यादा वर्षाला १५० वरून सरासरी २० मिलिसीव्हर्टवर आणली, ती उगाच नाही.

तिसरी गोष्ट, बोलू देणं. मॅनिफोल्डमध्ये (डाय सोडायच्या नळ्यांचा जोड) हवेचा बुडबुडा दिसला की तो आधी कोणाला दिसतो? बहुतेक वेळा सिस्टरला नाहीतर मला. जो फेलो पहिल्या दिवशी "थांबा, बबल" ऐकून थांबतो तो पुढे चांगला होतो. जो "मला दिसतंय" म्हणतो त्याच्यावर मी लक्ष ठेवून असतो.

मुक्ताफळ

मी संपूर्ण बाहेरचा माणूस. वडिलांची अँजिओप्लास्टी झाली आहे, ठणठणीत आहेत. पण हा धागा वाचून पोटात गोळा आला. म्हणजे टेबलावर कोणीतरी शिकत होतं? गाडी शिकवताना शेजारच्याच्या पायाखालीही ब्रेक असतो, तसं काही असतं का? आणि मला नाही म्हणता येतं का?

सायनस

नाही म्हणता येतं. संमतीपत्रावर सही घेतानाच कोण करणार, कोण शेजारी असणार हे सांगायला हवं, आणि रुग्णाने विचारलं तर सरळ उत्तर मिळायला हवं. "आमची टीम करते" हे उत्तर नव्हे.

ब्रेकचं म्हणाल तर हो आणि नाही. निदानाची अँजिओ असेल तर शेजारी हात धुऊन उभा असलेला माणूस क्षणात कॅथेटर हातात घेऊ शकतो. अँजिओप्लास्टीत काही क्षण असे येतात की दोन्ही हात एकाच माणसाचे लागतात. म्हणून फेलोला तिथे पोचायला वेळ लागतो आणि मधल्या पायऱ्या गाळता येत नाहीत. आधी तो फक्त बोलतो, पुढचं पाऊल काय ते सांगतो, मी करतो. मग तो करतो, मी शेजारी. मग तो करतो आणि मी काचेपलीकडे. शेवटची पायरी काहींना दुसऱ्या वर्षी मिळते, काहींना तिसऱ्या वर्षअखेरीसही नाही.

जुना_स्टेथो

निवृत्त झालोय, त्यामुळे वेळ आहे, लांबण लागेल.

मुक्ताफळ, शिकण्याची भीती वाटते हे बरोबर आहे. पण आमच्या शाखेचा इतिहास पाहा. १९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्ड गावी वेर्नर फोर्समान नावाच्या पंचविशीतल्या शिकाऊ डॉक्टरने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून मूत्रमार्गाचा कॅथेटर हृदयापर्यंत नेला. वरिष्ठांनी नाही सांगितलं होतं. ज्या सिस्टरकडे उपकरणांची किल्ली होती तिला, प्रयोग तुझ्यावरच करतो असं भासवून त्याने टेबलाला बांधलं आणि कॅथेटर स्वतःला घातला. मग तसाच चालत एक्स-रे खोलीत गेला. त्याला शाबासकीऐवजी बोलणी मिळाली, पुढे तो मूत्ररोगतज्ज्ञ झाला, आणि १९५६ मध्ये कूर्नान आणि रिचर्ड्स यांच्यासोबत नोबेल. ही गोष्ट फेलोंना फार आवडते. मी ती सांगताना शेवटी हेही सांगतो की आज असं कोणी केलं तर मी त्याला त्याच दिवशी बाहेर काढीन.

मला फोर्समानपेक्षा ग्रुंटझिग महत्त्वाचे वाटतात. झुरिकमध्ये १९७७ च्या सप्टेंबरात त्यांनी पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली. त्यांना शिकवणारं जगात कोणी नव्हतं. पण लगेच त्यांनी इतरांना बोलावून समोर केसेस करून दाखवायला सुरुवात केली, काय बिघडतंय तेही लपवलं नाही. तंत्र टिकलं ते त्यामुळे. नाहीतर दोन-चार ठिकाणी कोणीतरी अर्धवट शिकून रुग्ण गमावले असते आणि फुगा कायमचा बदनाम झाला असता.

आता माझी जुनी कुरकुर. आजच्या फेलोला स्टेथोस्कोप कानाला लावायचा कंटाळा. माझ्या मते पहिले सहा महिने...

प्रतिध्वनी

काका, स्टेथोस्कोपवर तुमचं नि माझं पूर्वीच्या धाग्यावर भांडण झालंय :) ते नको. पण इकोवर (हृदयाची सोनोग्राफी) बोलू द्या, कारण इथे सगळे कॅथलॅबमध्येच अडकलेत.

इकोचं शिक्षण म्हणजे 'रिकाम्या वेळात करा' असं झालंय. कोकॅट्सचे आकडे बघा: पहिल्या पातळीला ७५ इको स्वतः करायचे आणि १५० वाचायचे, दुसरीला १५० आणि ३००, तिसरीला ३०० आणि ७५०. 'स्वतः करायचे' हा रकाना सगळीकडे सर्वांत कच्चा असतो. सोनोग्राफरने काढलेल्या सुंदर चित्रांवर रिपोर्ट लिहिणं आणि रात्री दम लागलेल्या, आडवं न होता येणाऱ्या माणसाच्या फासळ्यांमधून खिडकी शोधणं यात अंतर आहे.

एओर्टिक स्टेनोसिसचं (महाधमनीच्या तोंडाची झडप अरुंद होणं) उदाहरण घ्या. झडपेचं क्षेत्रफळ काढताना एलव्हीओटीचा (झडपेच्या अलीकडची रक्ताची वाट) व्यास मोजतात आणि त्याचा वर्ग होतो. २ सेंटिमीटर मोजला तर क्षेत्र ३.१४, २.२ मोजला तर ३.८०. दोन मिलिमीटर इकडे-तिकडे आणि उत्तरात एकवीस टक्के फरक! त्यावर झडप बदलायची की नाही ठरतं. वर वेग मोजताना प्रोब रक्ताच्या धारेच्या रेषेत नसेल तर वेग कमीच येतो, जास्त कधी येत नाही. म्हणून फेलोला मी रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून उजव्या बाजूनेही, बिनचित्राच्या छोट्या प्रोबने बघायला लावते. कंटाळतात, पण एखाद्या दिवशी तिथून सेकंदाला तीनऐवजी साडेचार मीटरचा वेग मिळतो आणि मग सांगावं लागत नाही.

अजून एक. आधीचा रिपोर्ट लपवा. जुना रिपोर्ट वाचून इको केला की नवा रिपोर्टही तोच येतो.

जुना_स्टेथो

जुना रिपोर्ट लपवण्याला माझं पूर्ण अनुमोदन. स्टेथोस्कोपचं राहिलं ते राहिलं. मात्र मायामीत १९६८ साली 'हार्वे' नावाचा पुतळा बनवला, ज्याच्या छातीवर मर्मर ऐकू येतात आणि मानेची शीर उडताना दिसते, तो मला आवडतो. पुतळ्याला दहा जणांनी तपासलं तरी तो दमत नाही.

रात्रपाळी

सीसीयूमध्ये (हृदयरुग्णांचं आयसीयू) सिस्टर आहे. एकच सांगते. अँजिओप्लास्टीनंतर बीपी पडलं की फेलो आधी फ्लुइड लावतो, मग डोपामिन, मग फोन. टॅम्पोनाड (हृदयाभोवती रक्त साचून ते दाबलं जाणं) असू शकतं हे मनात यायला नवीन लोकांना फार वेळ लागतो. मानेच्या शिरा फुगलेल्या, बीपी खाली, हृदयाचे आवाज दबलेले, ही त्रयी बेक यांनी १९३५ पासून सांगून ठेवलीय, पण पूर्ण त्रयी दिसायची वाट बघू नका. इकोचा प्रोब ठेवा. आम्ही सांगितलं तर ऐका.

दुसरं_वर्ष

सिस्टर, नोंद घेतली.

सायनस सर, धाग्याच्या नावातला दुसरा अर्धा भाग राहिला. कॅथेटर परत कधी घ्यायचा? कारण आमच्या बाजूने ते फार वाईट असतं. काहीही न बोलता हातातून काढून घेतात. मग उरलेली केस आपण काय चुकलो याचा अंदाज बांधत उभं राहायचं. रुग्ण जागा असतो, त्यालाही कळतं.

सायनस

हे आधीच ठरवून घ्यायचं असतं. माझ्याकडे केसपूर्वी सांगितलेलं असतं: एकाच कोरोनरीसाठी ठरावीक वेळ गेला, डाय ठरलेल्या मर्यादेपलीकडे चालला किंवा प्रेशर पडलं तर मी घेणार. "आता मी घेतो" असं म्हणून घेणार. रुग्ण जागा असतो म्हणून तर ते शांत आवाजात, नेहमीची गोष्ट असल्यासारखं. आणि संकट टळलं की शक्य असेल तर परत द्यायचा. परत न दिलेला कॅथेटर फेलोच्या डोक्यात राहतो.

काही प्रसंग मात्र रुग्ण नसताना घोटून घ्यायचे. कोरोनरीला भोक पडलं तर? नव्या माणसाचा हात आपोआप सगळं बाहेर ओढायला जातो. वायर (जिच्यावरून फुगा आत जातो) जागेवरच राहू द्यायची. वायर गेली तर परतीची वाट गेली. फुगा तिथेच, कमी दाबाने फुगवून ठेवायचा, मग इको, कव्हर्ड (भोक झाकणारा) स्टेंट, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) उलटवायचं की नाही, टॅम्पोनाडची तयारी. हा क्रम रिकाम्या लॅबमध्ये, सिस्टर आणि टेक्निशियनसकट, बोलून करायचा. शिसाचा_कोट यांनाही त्यात भूमिका हवी, नुसतं बघायला नाही.

आता परत पाठवलेल्यांचं.

सर्वांत अवघड शिकवायचं कौशल्य म्हणजे काही न करणं. कोरोनरीत ६० टक्के अडथळा दिसला की स्टेंट टाकायची खाज सुटते, फेलोला आणि मलाही. २००९ च्या फेम अभ्यासात प्रेशर वायरने मोजून, एफएफआर (अडथळ्यापलीकडचा दाब भागिले अलीकडचा) ०.८० किंवा कमी असेल तरच स्टेंट टाकला. स्टेंट कमी पडले आणि मृत्यू, अटॅक, पुन्हा करावी लागणारी प्रोसिजर यांची एकत्रित बेरीजही कमी भरली. २०१७ च्या ऑर्बिटा अभ्यासाने तर स्थिर अंजायना (श्रमाने छातीत दुखणं) असलेल्या निम्म्या रुग्णांवर नुसतं नाटक केलं, स्टेंट टाकलाच नाही, आणि सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालण्याच्या वेळेत दोन गटांत ठळक फरक निघाला नाही. यावर वाद भरपूर आहेत, आणि चालू अटॅकला यातलं काहीही लागू नाही. पण फेलोला हे केस सुरू असताना कळायला हवं, जर्नल क्लबमध्ये नाही.

आणि लॉगबुकात यासाठी जागाच नाही. केलेली अँजिओ मोजली जाते, टाकलेला स्टेंट मोजला जातो. प्रेशर वायर घालून "याला काही नको, गोळ्या चालू ठेवा" म्हटलं ती केस स्टेंटच्या रकान्यात शून्य. कॅज्युअल्टीतून रात्री परत पाठवलेला माणूस तर कुठेच नाही. मग फेलोने शिकायचं काय? केलं की वाढतं, थांबलं की काही नाही.

म्हणून वेगळा रकाना काढतोय. ज्याला नाही म्हटलं त्याची नोंद, कारण, आणि महिन्याने त्याचं काय झालं ते.

प्रतिध्वनी

रकाना चांगला, पण महिन्याने फोन कोण करणार? फेलोच ना? त्यांच्या तासांचं आधीच काय झालंय बघा. अमेरिकेत २००३ मध्ये आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली, युरोपात ४८ ची आहे, आणि दोन्हीकडे कागदावरचे तास नि खरे तास यात फरक असतो हे उघड गुपित आहे. नवीन काम द्यायचं तर जुनं कुठलंतरी काढा.

सायनस

मान्य. डिस्चार्ज समऱ्या टाइप करणं काढतो.

दुसरं_वर्ष

सर, तुमच्याकडे जागा आहे का हो? :)

शिसाचा_कोट

माझ्याकडे प्रत्येक केसची डोस आणि डायची नोंद आहे, कोणी केली ते पण. रकाना काढलात तर मी शेजारी तो आकडा भरून देईन. कोणाचा पाय पेडलवर किती राहतो ते महिन्याअखेर भिंतीवर लावा, नाव न टाकता. ज्याचं त्याला कळतं.

मुक्ताफळ

वडिलांना विचारलं. त्यांना आठवतंय, आत एक तरुण मुलगी मोठ्याने प्रेशर सांगत होती. त्यांना वाटलं, ती त्यांनाच काहीतरी विचारतेय, म्हणून ते प्रत्येक वेळी "बरं वाटतंय" म्हणत होते.